रविवारची जेवण-राइड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सायकल क्लबची जेवण-राइड दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी असते. सकाळी पुण्यातून निघायचं, धरणाच्या कडेकडेने सायकल चालवायची, गावातल्या खानावळीत सगळ्यांनी एका पंगतीला बसून जेवायचं आणि दुपारी घरी परतायचं. नवीन येणारे जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. पहिल्यांदा येत असाल तर निदान मार्ग, वेग आणि पंक्चर यांबद्दलची उत्तरं वाचूनच या.

ही राइड इतर राइडपेक्षा वेगळी कशी?

क्लबच्या बाकीच्या राइडना वेग असतो, अंतर असतं, चढ असतात. पुण्यात बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणारे पुष्कळ आहेत. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे म्हणजे त्यांना दर थांब्यावर घड्याळ बघावं लागतं. जेवण-राइडला असं काही नसतं. इथे एकच गोष्ट ठरलेली आहे: जेवायला सगळे एकत्र बसणार. त्यामुळे पोचायचंही सगळ्यांनी जवळपास एकाच वेळी. कोण पुढे, कोण मागे याची नोंद आम्ही ठेवत नाही, आणि राइड झाल्यावर ग्रुपवर सरासरी वेगाचे स्क्रीनशॉट टाकू नयेत अशी सगळ्यांना विनंती आहे. ते आकडे बघून नवीन माणूस पुढच्या वेळी यायचं टाळतो, हा आमचा अनुभव आहे.

मार्ग कोणता?

सारसबागेच्या दारात जमतो. तिथून दांडेकर पूल, मग सिंहगड रस्ता. उड्डाणपुलावर चढायचं नाही, खालच्याच रस्त्याने जायचं. वडगावला महामार्गाच्या पुलाखालून पलीकडे गेलं की धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी आणि मग खडकवासला. धरण दिसेपर्यंतचा भाग शहरी आहे आणि त्याची वाखाणणी करण्यासारखं फारसं काही नाही. म्हणूनच इतक्या लवकर निघतो. हिवाळ्यात साडेसहाला आणि मार्चनंतर सहाला. या वेळेला सिंहगड रस्ता खरोखर मोकळा मिळतो.

खडकवासल्याच्या चौपाटीवर पहिला मोठा थांबा. उजवीकडे पाणी, पलीकडच्या काठाला एनडीएचा परिसर. तिथून डोणजे, खानापूर. खानापुराच्या पुढे रस्ता एकदम शांत होतो. एका बाजूला भातखाचरं, दुसरीकडे मधूनमधून धरणाचं पाणी, आणि मागे वळून पाहिलं तर सिंहगड. हाच रस्ता पुढे पानशेतला जातो.

एकूण किती किलोमीटर?

दोन टप्पे आहेत आणि कुठला करायचा हे तुम्ही खानापुरात पोचल्यावर ठरवलंत तरी चालतं. छोटा टप्पा सारसबाग ते खानापूर आणि परत, साधारण ४५ ते ५० किलोमीटर. मोठा टप्पा पानशेतपर्यंत जाऊन खानापूरला जेवायला परत, एकूण साधारण ७५ ते ८०. मोठा घाट कुठेच नाही, पण खानापूर ते पानशेत रस्ता सतत वरखाली होतो. पाय भरून येतात ते इथेच.

छोटा टप्पा करणाऱ्यांना खानापुरात बराच वेळ मिळतो. त्यांनी तो नुसता वाट बघण्यात घालवू नये. गावातून खाली पाण्याकडे चालत जाता येतं. काही जण पुस्तक घेऊन येतात.

पानशेतला जाऊन काय बघायचं?

धरण. आंबी नदीवरचं हे धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. ते पाणी खडकवासल्याचं धरण फोडून पुण्यात शिरलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्यातल्या जुन्या घरांत अजून ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ असं बोललं जातं. आमच्यातले जे ज्येष्ठ सभासद त्या वेळी लहान होते ते पानशेतच्या थांब्यावर त्यांच्या आठवणी सांगतात: कोण कुठल्या गच्चीवर होतं, कुणाच्या घरातला चिखल किती दिवस उपसला. धरणावर उभं राहून ते ऐकताना लक्षात येतं की आपण सकाळी सारसबागेपासून जी वाट चालून आलो, त्याच खोऱ्याने ते पाणी उलट दिशेने गेलं होतं. नंतर धरण पुन्हा बांधलं. आता त्याच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात.

एवढ्यासाठी तरी मोठा टप्पा एकदा करावा, असं मला मनापासून वाटतं.

मी सायकल फारशी चालवत नाही. जमेल का?

घराजवळ सलग २० किलोमीटर न दमता होत असतील तर छोटा टप्पा नक्की जमेल. वेग ताशी १५ ते १८ किलोमीटर असतो, आणि दर सात-आठ किलोमीटरला थांबा. राइडच्या आदल्या दोन रविवारी एकदा विद्यापीठापर्यंत किंवा खडकवासल्यापर्यंत जाऊन या, म्हणजे सीटची सवय होईल. नवख्या माणसाचे पाय सहसा दगा देत नाहीत. त्रास होतो तो बसण्याचा, मनगटांचा आणि मानेचा.

सीटची उंची एकदा नीट लावून घ्या. पेडल अगदी खाली असताना टाच पेडलवर ठेवली तर गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. बहुतेक जण सीट फार खाली ठेवून चालवतात, आणि मग दुपारी गुडघे धरून बसतात.

मागे पडलो तर काय?

मागे पडलात तरी एकटे पडणार नाही. पुढे एक राइड लीडर असतो, सगळ्यात शेवटी स्वीप असतो. स्वीप म्हणजे क्लबचा असा जुना सभासद, जो कुणालाही मागे ठेवून पुढे जात नाही. तुम्ही थांबलात की तो थांबतो. प्रत्येक वळणावर, म्हणजे वडगाव पूल, नांदेड फाटा आणि डोणज्याचा फाटा इथे, शेवटचा माणूस येईपर्यंत सगळे थांबतात. शेवटचा आल्यावर त्यालाही पाणी प्यायला वेळ मिळाला पाहिजे. तो टेकला की बाकीचे निघाले, असं करायचं नाही. हा नियम लीडरला आम्ही दर वेळी आठवण करून देतो.

जेवण अकरा वाजता? एवढ्या लवकर कोण जेवतं?

हा प्रश्न दर महिन्याला येतो. पंगत सव्वाअकराला बसते. कारण भूक नाही, परतीचा रस्ता आहे. रविवारी बारा वाजल्यानंतर पुण्याहून खडकवासला, सिंहगड आणि पानशेतकडे गाड्यांची रीघ लागते, आणि चार वाजल्यानंतर तीच रीघ उलटी वळते. चौपाटीजवळ गाड्या इतक्या अडकतात की सायकललाही कडेने जागा उरत नाही. साडेबाराच्या सुमारास निघालो तर दोनपर्यंत बहुतेक सगळे घरी पोचतात. जेवण दीडला ठेवून बघा म्हणणाऱ्यांनी एकदा रविवारी संध्याकाळी पाच वाजता किरकटवाडीला उभं राहून बघावं.

शिवाय पहाटे पाचला उठलेल्या माणसाला अकरापर्यंत कडकडून भूक लागलेली असते.

जेवायला काय असतं?

शाकाहारी थाळीत पिठलं, भाकरी, एक सुकी भाजी किंवा भरीत, ठेचा, कांदा, इंद्रायणीचा भात, आमटी आणि ताक. मांसाहारी थाळीत गावरान कोंबडी किंवा मटण, रस्सा वेगळ्या वाटीत. भाकरी ज्वारीची, सांगून ठेवली तर तांदळाची. उपवास असेल तर आधी कळवा, साबुदाण्याची किंवा वरीच्या तांदळाची सोय होते. जैन जेवणाचंही तसंच.

खानावळ साधी आहे. पत्र्याची शेड, लांब बाकडी, मागे चूल. हात धुवायला बाहेर नळ. सायकली आतल्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवता येतात आणि जेवताना समोर दिसतात, त्यामुळे कुलूप लावायची गरज पडत नाही.

शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत नाव का द्यावं लागतं? दोन माणसं वाढली तर काय बिघडतं?

भाकरी करून ठेवलेली नसते. आपण बसल्यावर ती थापली जाते. चुलीपाशी दोन बायका असतात. एक पीठ मळून थापते, दुसरी तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवते, उलटते आणि मग तवा बाजूला करून निखाऱ्यावर फुगवते. एका वेळी एकच भाकरी होते. पंचवीस माणसांची पंगत म्हणजे साठ-सत्तर भाकऱ्या. आकडा आधी माहीत असेल तर त्या पहिल्या पंधरा-वीस भाकऱ्या आपण पोचायच्या बेतात करायला घेतात आणि तिसरी मदतनीस बोलावतात. मटण तर शनिवारीच सांगावं लागतं. न सांगता आलेल्या माणसाला उपाशी ठेवत नाहीत, पण मग कुणाच्या तरी ताटातला रस्सा पातळ होतो.

नाव देऊन आला नाहीत तर त्या थाळीचे पैसे द्यावे लागतात. आजारपण असेल तर अर्थातच नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो. आधी पोचलेल्यांनी जेवायला सुरुवात करायची नाही. पापड, कांदा, ताक घ्या, गप्पा मारा. स्वीप अंगणात शिरला की ताटं वाढली जातात. भुकेल्या माणसाला हे जड जातं हे मान्य आहे, पण ही राइड ज्यासाठी काढली जाते ती हीच गोष्ट.

जेवणासोबत बिअर घेतली तर चालेल का?

नाही. परदेशातल्या क्लबांमध्ये पबमध्ये थांबून जेवायची पद्धत आहे आणि आपल्यातल्या काहींनी तिकडे अशा राइड केल्याही आहेत. इथे मात्र जेवणानंतर भर उन्हात, ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्यांमधून पंचवीस किलोमीटर परत यायचं असतं. राइड सारसबागेला संपेपर्यंत कुणीही दारू घ्यायची नाही. घेतलेल्या माणसाची सायकल टेम्पोत चढवली जाईल आणि टेम्पोचा खर्च त्याच्याकडून घेतला जाईल.

खानावळीतलं ताक मात्र हवं तेवढं प्या.

कुठली सायकल लागते?

ब्रेक नीट लागणारी कुठलीही. हायब्रिड, एमटीबी (माउंटन बाइक), रोड बाइक, साधी बिनगिअरची, सगळ्या आल्या आहेत. बिनगिअरच्या सायकलने छोटा टप्पा आरामात होतो, मोठ्याला दोन-तीन चढांवर उतरून चालावं लागेल आणि त्यात काही कमीपणा नाही. एमटीबीचे जाड खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर जड जातात, तेव्हा त्यात हवा थोडी जास्त भरा. बॅटरीवर चालणारी सायकल आणली तरी चालते, फक्त ग्रुपच्या पुढे पळू नका.

सायकल नसेल तर भाड्याने मिळते. शुक्रवारीच घेऊन ठेवा, शनिवारी दुपारनंतर चांगल्या सायकली संपलेल्या असतात. आणि घेताना दोन्ही ब्रेक दाबून, सायकल पुढे ढकलून बघा.

पंक्चर झालं तर?

स्वीपकडे पंप, पॅच आणि टायर काढायचे लिव्हर असतात. तुमच्या मापाची ट्यूब मात्र तुम्हीच आणायची, कारण पंचवीस सायकलींत सात-आठ मापं असतात. माप टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ७०० गुणिले ३५. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता व्हॉल्व्हबद्दल. जुन्या काळ्या सायकलींचा व्हॉल्व्ह वेगळा. मोटारसायकलसारखा जाड असतो तो श्रेडर. बारीक, टोकाला छोटं पितळी बोंड असलेला तो प्रेस्टा, बहुतेक रोड बाइक आणि पुष्कळ हायब्रिडना हाच असतो. वाटेतल्या गावात पंक्चरवाले आहेत, पण त्यांचा नळा प्रेस्टावर बसत नाही. त्यासाठी पितळेचं एक छोटं अडॅप्टर मिळतं, अगदी थोड्या पैशांत. प्रेस्टाचं बोंड सैल करायचं, त्यावर अडॅप्टर फिरवायचं, की कुठल्याही पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. ते पाकिटात ठेवा. डोणज्याच्या फाट्यावर भलीमोठी महागडी सायकल घेऊन, शेजारी हवेचं मशीन चालू असतानाही हवेविना उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

पंक्चर काढल्यावर ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून बघा. काटा किंवा काच तिथेच राहिली तर पुढच्या किलोमीटरला पुन्हा बसाल.

कपडे आणि हेल्मेट?

सायकलस्वाराला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण आमच्या राइडला आहे. हेल्मेट नसेल तर सारसबागेवरूनच घरी जावं लागेल, मग माणूस कितीही जुना असो. हिवाळ्यात अंधारात निघतो, म्हणून मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा हवा.

पॅडची शॉर्ट असेल तर घाला, नसेल तर जाड शिवणी नसलेली पँट. जीन्स नको. सलवार किंवा पायजमा घालणार असाल तर उजव्या पायाला क्लिप किंवा रबर लावा, चेन उजवीकडे असते. ओढणी घरी ठेवा किंवा कमरेला घट्ट बांधा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धरणाकाठी बोटं आखडतात, तेव्हा हातमोजे घाला, नाहीतर ब्रेक दाबताना जोर लागत नाही.

पाणी आणि खाणं किती घ्यावं?

पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातल्या एकीत मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, यांपैकी काहीही. आठच्या सुमारास डोणज्याला पोहे आणि चहा होतो. तिथे पोटभर खाऊ नका, पण काहीच न खाता पानशेत गाठायचाही प्रयत्न करू नका. चौपाटीवरची कांदा भजी परतीला.

सिंहगड चढायचा आहे का?

नाही. गोळेवाडीपासून आठ-नऊ किलोमीटरचा घाट आहे, तो स्वतंत्र राइडचा विषय. ज्यांना चढायचंच आहे त्यांनी पाचला निघून, चढून-उतरून सव्वाअकराला खानापूर गाठावं. असे दोघे-तिघे दर वेळी असतात आणि सगळ्यात जास्त भाकऱ्या तेच खातात.

बायकांची सोय काय? मी एकटीच येणार आहे.

अवश्य या. दर राइडला बायका असतात आणि लीडर किंवा स्वीप यांपैकी एक जण शक्यतो बाई असते. स्वच्छतागृहाबद्दल स्पष्ट सांगते ती क्लबची एक सभासद, तिचा नंबर नाव नोंदवल्यावर मिळतो. तरी इथेही लिहितो: निघताना स्वारगेटजवळ, मग वाटेतल्या पेट्रोल पंपावर, नंतर थेट खानावळीत. खानापूर ते पानशेत या भागात भरवशाचं काही नाही. त्यामुळे मोठा टप्पा करणाऱ्यांसाठी खानावळीत सकाळी जातानाही थांबतो. पाणी कमी पिणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

मुलांना आणता येईल का?

चौदा वर्षांपुढच्या मुलांना, सोबत पालक सायकलवर असेल तर. त्याहून लहान मुलं जेवायला येऊ शकतात.

म्हणजे घरचे गाडीने थेट जेवायला आले तर चालतं?

चालतं, आणि आम्हाला आवडतं. आजी-आजोबा, नवरा, बायको, ज्यांना रविवारी सकाळी घरातून माणूस गायब होतो याची तक्रार आहे ते सगळे या. फक्त थाळीच्या यादीत त्यांची नावं द्या आणि गाडी घेऊन सायकलींच्या मागेमागे हळू चालवत येऊ नका. त्याने मागे कोंडी होते आणि सायकलवाले घाबरतात.

रस्त्यावर काय पाळायचं?

एका ओळीत, डावीकडून. गप्पा थांब्यावर. खड्डा दिसला की हाताने दाखवायचा आणि मागच्याने तो त्याच्या मागच्याला दाखवायचा. अचानक ब्रेक मारायचा नाही. कुत्रं मागे लागलं तर जोर लावून पळण्यापेक्षा वेग कमी करा, गरज पडली तर उतरून सायकल मध्ये धरा, बहुतेक वेळा ते तिथेच थांबतं. इअरफोन कानात नकोत, एकाही नाही.

कुणी पडलं, लागलं तर?

स्वीपकडे प्रथमोपचाराची पेटी असते. मोठी दुखापत असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलावतो. डोक्याला मार लागला असेल तर ‘मी बरा आहे’ म्हटलं तरी त्या माणसाला पुढे सायकल चालवू देत नाही. नाव नोंदवताना घरच्या एकाचा नंबर आणि रक्तगट लिहा. चालू औषधं असतील तर तीही.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात राइड असते का?

जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासल्याच्या बाजूला जात नाही. सकाळपासूनच गर्दी असते. त्या दोन महिन्यांत जुन्या कात्रज घाटाने नसरापूरला जातो. तिथे बनेश्वरचं नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं मंदिर आहे, भोवती झाडी आहे आणि जेवायची सोय जवळच होते. घाट चढायचा असल्यामुळे ती राइड थोडी अवघड, हे लक्षात ठेवूनच नाव द्या. ओल्या रस्त्यावर रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या रिमवर रबर दाबणारे ब्रेक, उशिरा लागतात, उतारावर आधीपासून हळूहळू दाबत या.

एप्रिल-मेमध्ये फक्त छोटा टप्पा, जेवण साडेदहाला.

फी किती?

राइडला फी नाही. पोहे, चहा आणि थाळीचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. त्या महिन्याचा थाळीचा दर गुरुवारी ग्रुपवर टाकतो. खानावळीत रोख रक्कम जवळ ठेवा, डोणज्याच्या पुढे मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

नाव कसं द्यायचं?

क्लबच्या कुठल्याही सभासदाला सांगा, तो ग्रुपमध्ये घेईल. मग नाव, छोटा की मोठा टप्पा, शाकाहारी की मांसाहारी, सोबत किती जण, एवढं शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत लिहा. रविवारी सारसबागेला ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी या, टायरमधली हवा तिथे बघून देतो.